पंचेचाळीसवर थांबलेला आकडा

माझ्याकडे वडिलांच्या काळातील बारा बोरची दुनळी बंदूक आहे. दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेच्या राखणीसाठी त्यांनी परवाना काढला होता आणि त्यांच्या पश्चात तो रीतसर माझ्या नावावर झाला. आता आमचे वास्तव्य नाशिकला गंगापूर रस्त्यावर आहे, आणि बंदूक घरातील तळमजल्याच्या मागच्या खोलीत असते. या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. ही ओलच माझ्या फसवणुकीचे निमित्त ठरली. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्यांच्या दारात असाच माणूस उद्या उभा राहू शकतो, म्हणून घडले ते माझ्या चुकांसह लिहीत आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी बंदूक जमा करण्याची नोटीस मला आली होती. जूनमध्ये ती परत मिळाली तेव्हा नळीवरचे तेल वाळून गेले होते आणि चापाच्या कडेला तांबूस छटा दिसत होती. ही चिंता मी एक-दोघांजवळ बोललो आणि त्यांतल्याच एकाच्या ओळखीने तो गृहस्थ घरी आला. स्वतःला तो ‘शस्त्रसंवर्धन तज्ज्ञ’ म्हणवीत होता. देवळालीच्या लष्करी तळाला माझाच माल जातो, असे त्याने चहा घेता घेता सांगितले. त्यासाठी एखादा कागद दाखवा, असे म्हणण्याचे मला सुचले नाही. देवळालीचे नाव घेतले की नाशिककर पुढे फारसे विचारत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असावे.

त्याने दिलेल्या संचात चार गोष्टी होत्या: आतून जाड फोम लावलेले ‘हवाबंद’ लोखंडी कपाट, ओलावा शोषण्यासाठी म्हणून दिलेली निळ्या मण्यांची पारदर्शक डबी, कपाटाच्या दारावर बाहेरून चिकटवलेला आर्द्रतामापक, ज्याची बारीक वायर आत सोडलेली होती, आणि विदेशी म्हणून सांगितलेल्या तेलाची एक बाटली. सर्व मिळून ३८,५०० रुपये झाले. वीस हजार मी यूपीआयने दिले आणि उरलेले रोख. पावती म्हणून त्याने एक छापील कागद भरून दिला, ज्यावर जीएसटी क्रमांकाची जागा कोरी होती. ती कोरी जागा मी पाहिलीही होती.

जाण्यापूर्वी त्याने समजावून सांगितले, “काका, मणी निळे आहेत आणि आकडा पंचेचाळीसच्या आसपास आहे, तोवर बंदूक बाहेर काढायची नाही. दार वरचेवर उघडलं की बाहेरचा दमट वारा आत जातो आणि वॉरंटीही जाते.” वडिलांची चामडी खोळ चालेल का, या माझ्या प्रश्नाला त्याने “उत्तमच” असे उत्तर दिले. नळीवर कायमस्वरूपी लेप देण्यासाठी बंदूक आठ दिवस आपल्या कारखान्यात न्यावी लागेल, असेही तो म्हणाला. ते मात्र मी ठामपणे नाकारले. शस्त्राच्या दुरुस्तीचा परवाना नसलेल्याच्या हाती बंदूक सोपवणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा भंग आहे, एवढे मला माहीत होते. या सगळ्या व्यवहारात मी शहाणपणाने वागलो तो एवढाच प्रसंग.

जून गेला, जुलै गेला, श्रावणात गोदावरीला पूर येऊन गेला, आणि आकडा चव्वेचाळीस ते शेहेचाळीसच्या पलीकडे कधी गेला नाही. घरात पापड सादळत होते, मीठदाणीतील मिठाचा गोळा होत होता, आणि मी येता-जाता दारावरचा तो आकडा पाहून समाधान मानीत होतो. पंधरा दिवसांनी दार किंचित उघडून मणी पाहावेत, ते निळेशार असावेत, आणि दार पुन्हा लावावे, असा माझा क्रम चालला होता.

सप्टेंबरच्या शेवटी शेजारचे एक निवृत्त वीज अभियंता सहज आले असता मी त्यांना ते कपाट कौतुकाने दाखवले. त्यांनी डबी हातात घेऊन विचारले, “किती दिवस झाले?” साडेतीन महिने, असे मी सांगितले. “अहो, आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भांड्यात, हीच निळी सिलिका जेल असते. पाणी शोषले की ती गुलाबी होते आणि गुलाबी झाली की बदलावी लागते. नाशिकचा अख्खा पावसाळा काढून ही निळीच राहिली असेल, तर एक तर तुमच्या कपाटात पावसाळा आलाच नाही, नाही तर ही जेलच नाही.” मी ते हसण्यावारी नेले आणि बंदूक बाहेर काढून पाहिली नाही, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. शस्त्रपूजनासाठी बंदूक काढली तेव्हा खोळीच्या आतल्या बाजूने विटकरी भुकटी हाताला लागली. जिथे चामडे नळीला घट्ट टेकत होते, तिथे गंजाचा हाताच्या पंजाएवढा पट्टा उमटला होता, आणि त्या पट्ट्यात माझ्याच चार बोटांचे ठसे वेगळे ओळखू येत होते. जूनमध्ये बंदूक खोळीत घालताना नळी पुसून न घेतल्याने घामातील मीठ तिथे राहिले होते आणि गंजाने नेमकी तीच जागा आधी धरली होती.

त्या संध्याकाळी मी चार मणी पाण्यात टाकून पाहिले. खरी जेल कोरडी असताना पाण्यात टाकली की तडतडते आणि तिचे दाणे फुटतात, असे शेजाऱ्यांनी सांगितले होते. माझे मणी तळाशी शांत बसले, पाणी मात्र निळे झाले. मापकाची परीक्षा पत्नीने घेतली. तिने तो कुकरच्या वाफेवर धरला, तेव्हा तापमान भराभर चढले आणि आर्द्रता पंचेचाळीसच राहिली. मग शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून रीतसर मिठाची चाचणीही केली. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घालायचे, ते झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवायचे आणि दहा-बारा तास डबा उघडायचा नाही. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरील बंदिस्त हवेची सापेक्ष आर्द्रता साध्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. खरा मापक तिथे ७५ च्या जवळ जातो आणि जो काही फरक दिसेल तो आपण लक्षात ठेवायचा. माझा मापक सकाळी ४६ दाखवत होता. मीठ, पाणी आणि एक डबा, एवढ्यात होणारी ही चाचणी मी जूनमध्येच केली असती तर तो माणूस माझ्या दारातच उघडा पडला असता.

तीनच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि मला पुन्हा जमा करण्याची नोटीस आली. या वेळी मी बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. त्यांनी ती बिजागरीपाशी उघडून नळी उजेडासमोर धरली, बराच वेळ काही न बोलता पाहिली आणि मग मला पाहायला दिली. डाव्या नळीत तोंडापासून वीतभर आत बारीक काळे खड्डे पडले होते. बाहेरचा गंज तेल आणि अगदी मऊ तारकाथ्याने (स्टील वूलने) निघेल, निळाई, म्हणजे नळीवरचा निळसर काळा थर, पुन्हा चढवता येईल, पण आतले खड्डे भरून येत नाहीत, आणि नीट तपासणी झाल्याशिवाय या नळीतून बार काढू नका, असे त्यांनी बजावले.

कपाटाने काय केले, हेही त्यांनीच उलगडून सांगितले. स्वच्छ पोलादसुद्धा ६० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत झपाट्याने गंजू लागते, आणि घामाचे मीठ लागलेले असेल तर त्याही आधी. जुलैची दमट हवा हवाबंद कपाटात कोंडली आणि ती शोषून घेणारे आत काहीच नसले, तर रात्री लोखंड गार होते तशी तीच हवा अधिक ओली होते आणि थंड नळीवर दव धरते. फोम तो ओलावा सोडत नाही. चामडे तर ओलावाही धरते, आणि कमावताना वापरलेली आम्ले व क्षारही त्यात उरलेले असतात. म्हणून खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती वापरायची असते. नळीवरची निळाई, जिला मी संरक्षण समजत होतो, ती लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असते आणि तेलाशिवाय ती फारशी उपयोगाची नसते.

पैशाहून मला अधिक बोचली ती वेगळीच गोष्ट. वॉरंटी कार्डासाठी म्हणून त्या माणसाने माझ्या परवान्याचा, कपाटाचा आणि कुलपाचा मोबाइलवर फोटो काढला होता. बंदूक कोणत्या खोलीत असते, काडतुसे कुठे असतात, हे एका अनोळखी माणसाला मी स्वतः फिरवून दाखवले होते. पोलीस ठाण्यात तक्रार देताना मी हे आधी सांगितले, त्याच आठवड्यात कुलूप आणि जागा दोन्ही बदलली, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात हलवली. त्याचा फोन तेव्हाच बंद लागत होता. यूपीआयने गेलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण ती तत्काळ करावयाची असते आणि मला चार महिने उशीर झाला होता. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. परंतु समोरच्याचा खरा पत्ता नाही आणि पक्के बिल नाही, त्यामुळे नोटीस कोणाला पाठवायची, इथेच माझे प्रकरण अडले आहे.

आता तेच कपाट फोम खरवडून काढून, ओल्या भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवले आहे. रसायनांच्या दुकानातून खरी जेल आणली, तीही नारिंगी, जी ओली झाली की हिरवट होते. निळ्या जेलमधील कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक असल्याने ती घरात नको वाटली. ओली झालेली जेल सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवली की पुन्हा कामाला येते, आणि त्यासाठी स्वयंपाकाची नसलेली वेगळी छोटी भट्टी मी ठेवली आहे. मिठावर पारखून घेतलेले दोन मापक आत आहेत आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहील असे मी पाहतो. त्याखालीही जाऊ देत नाही, कारण नाशिकच्या एप्रिलमधील कोरड्या हवेत लाकडी दस्ता आकसून तडकू शकतो. बंदूक खोळीबाहेर असते आणि हात लागला की लगेच तेलाचे बोट फिरवलेल्या सुती फडक्याने पुसली जाते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून दोन्ही नळ्यांतून मी उजेड पाहतो, आणि डाव्या नळीतले खड्डे त्या विक्रेत्याने काढून दिलेल्या फोटोशी ताडून पाहतो. अजून तरी ते वाढलेले नाहीत.