ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचं कुठे? ईसीआर, आयएसएमआरएम की आयएसबीआय

मामेबहीण इथेच पुण्यात रेडिओलॉजीची रेसिडेंट आहे, शेवटचं वर्ष. तिने आणि तिच्या एका सीओईपीवाल्या (इंजिनिअरिंगच्या) मित्राने मिळून गुडघ्याच्या एमआरआयवर कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, कूर्चा) आपोआप मार्क करून जाडी मोजणारं मॉडेल केलंय. रविवारी कोथरूडला घरी आली, पोहे खाता खाता म्हणाली ताई ॲबस्ट्रॅक्ट (कॉन्फरन्सला पाठवायचा कामाचा सारांश) रेडी आहे फक्त कुठे टाकू तेवढं सांग. म्हटलं मग रेडी नाहीये. एकच मजकूर या तिन्ही कॉन्फरन्सना कापून-जोडून टाकणारे लोक मी बघितलेत (एकेकाळी मीपण केलंय, तिन्हीकडून नकार).

ईसीआर म्हणजे युरोपातली रेडिओलॉजीची मोठी कॉन्फरन्स, व्हिएन्ना, फेब्रुवारीअखेर-मार्च, आणि वाचणारा बहुतेक रिपोर्टिंग करणारा रेडिओलॉजिस्ट. पर्पज, मेथड्स, रिझल्ट्स, कन्क्लूजन असा ठरलेला साचा. हिच्या रिझल्टची पहिलीच ओळ "मॉडेलचा डाइस चांगला आला". डाइस म्हणजे मॉडेलने आणि माणसाने मार्क केलेला भाग किती जुळतो त्याचा आकडा. त्याला काय करायचंय डाइसचं! कार्टिलेज मुळात दोन-तीन मिलिमीटरचं, एवढ्या पातळ गोष्टीत कडेला एक पिक्सेल सरकला तरी डाइस धाडकन पडतो आणि तरी जाडी ठीकठाक येऊ शकते. त्याला हवंय ते हे की पेशंट किती, हाताने कोणी मार्क केलं, दोन रेडिओलॉजिस्टच्या मोजण्यात आपसात किती मिलिमीटर फरक आणि मॉडेलचा फरक त्याच्या आत बसतो का. ही एक ओळ असेल तर ईसीआरला टाकावं, नसेल तर उगाच फी भरायच्या भानगडीत पडू नये. शिकागोच्या आरएसएनएलाही (अमेरिकेतली रेडिओलॉजीची कॉन्फरन्स) साधारण हेच लागू, फक्त तिथे व्हिसासाठी मुंबईच्या चकरा आल्या.

आयएसएमआरएमची गोष्टच वेगळी, तिथे एमआरआयचीच माणसं, फिजिक्सवाले जास्त. टीआर, टीई (स्कॅनच्या वेळेची सेटिंग्ज), किती टेस्लाचं मशीन, कुठली कॉइल, स्लाइसची (एमआरआयच्या एकेका कापाची) जाडी हे नसेल तर पहिल्या परिच्छेदातच मन उठतं त्यांचं. पण मला पहिल्यांदा पाठवणाऱ्यासाठी हेच आवडतं, कारण फिगर देता येतात, पाचपर्यंत. वर छोटा सिनॉप्सिस (थोडक्यात गोषवारा) असतो, घाईतला रिव्ह्यूअर तो आणि फिगर बघून निम्मं मत बनवतो असा माझा अनुभव, म्हणून कॅप्शन अशी लिहायची की खालचा मजकूर न वाचताही कळावं. "फिगर 2: सेगमेंटेशन रिझल्ट" ही कॅप्शन नाही, हे लेबल झालं. "डावीकडे हाताने, उजवीकडे मॉडेलने, बाणाजवळ मेनिस्कसला (गुडघ्यातल्या गादीला) चिकटलेल्या जागी मॉडेल चुकतंय" ही कॅप्शन. चूक दाखवली की रिव्ह्यूअर उलट विश्वास ठेवतो. विद्यार्थ्यांना स्टायपेंडही असतो, अर्ज मात्र आठवणीने करायचा.

कटकट डेडलाइनची. ती साधारण नोव्हेंबरात, कधी ऐन दिवाळीत. रात्रीचे 11:59 अमेरिकेच्या ईस्टर्न टाइमने असतील तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 10:29, पण त्यांची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्याआधी असेल तर 9:29. माझी एकदा या एका तासात वाट लागलीये, फराळाचं ताट तसंच राहिलं होतं.

आयएसबीआयला, म्हणजे मेडिकल इमेजिंगच्या इंजिनिअरिंगवाल्या कॉन्फरन्सला, मित्र उड्या मारतोय. चार पानी पेपर, आयईईई एक्सप्लोरला (इंजिनिअरिंगच्या पेपरांची ऑनलाइन लायब्ररी) जातो, बायोडेटाला बरा. एका पानाचा ॲबस्ट्रॅक्टही चालतो पण तो तिथे छापला जात नाही. चार पानं छापून आली की तेच काम जर्नलला देताना नवीन काहीतरी घालावं लागतं, नुसत्या ॲबस्ट्रॅक्टने सहसा ती अडचण येत नाही, आणि बहिणीला जर्नल पेपर हवाच आहे. शिवाय इथे अल्गोरिदममध्ये नवीन काय ते विचारणार, आणि यांनी यू-नेट नावाचं तयार मॉडेल घेऊन ट्रेन केलंय, हे लपवून उपयोग नाही. मिकाई या दुसऱ्या मेडिकल इमेजिंग कॉन्फरन्सचं तर आत्ता नावच नको, आठ पानं, नावं झाकून, दुसरीच लढाई आहे ती.

आणि आयआरआयएची (भारतातल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना) स्टेट कॉन्फरन्स? तालीम म्हणून उत्तम, तिथे सरांचे प्रश्न आधी झेलून घे म्हटलं.

कुठेही पाठव, एथिक्स कमिटीचं पत्र आधी. जुनेच स्कॅन वापरलेत म्हणून ते टळत नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे संमतीतून सूट मिळू शकते, पण ती कमिटी देणार, आपली आपण घ्यायची नाही. आणि पॉवरपॉइंटमध्ये पेशंटचं नाव क्रॉप केलं म्हणजे गेलं असं नसतं, ती पट्टी फाइलमध्ये आत तशीच राहते, क्रॉप केलेला भाग डिलीट करावा लागतो.

तर आमचं आयएसएमआरएम ठरलं. मग सहज विचारलं, ट्रेन (मॉडेल शिकवायचे) आणि टेस्ट (तपासायचे) स्कॅन वेगळे कसे केले? म्हणाली सगळे स्लाइस एकत्र करून रँडम. म्हणजे एकाच गुडघ्याचे काही स्लाइस इकडे, काही तिकडे. डावा-उजवा गुडघा एकाच माणसाचा असेल तरी एकाच बाजूला ठेवायचा असतो, इथे तर गुडघाच फाटलाय. म्हणजे टेस्टला मॉडेल आधीच पाहिलेला गुडघा ओळखतंय, आकडे खोटे चांगले, सगळं जीपीयूवर (ट्रेनिंगच्या मशीनवर) परत ट्रेन करावं लागणार. तिने तिथल्या तिथे मित्राला फोन लावला, स्पीकरवर. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "जीपीयू मंगळवारपर्यंत बुक आहे ग."