पूररेषेचा नकाशा की घराभोवतीची पाहणी?

घराला पाण्याचा धोका किती, हे कळायला दोन वाटा आहेत: पूररेषेचा नकाशा आणि भर पावसात स्वतः केलेली पाहणी.

नकाशा नदीचं पाणी कुठवर चढेल ते सांगतो. पण नकाशावरचा ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच, असं समजून लोक निर्धास्त होतात. तसं नाही हो! अशा पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का असते; ३० वर्षांत ती साधारण २६ टक्क्यांवर जाते.

अतिवृष्टीचं पाणी मात्र नदीची वाट पाहत नाही. १०० चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी खाली येतं. ते कुठे जातं, हे नदीच्या पूररेषेवरून कळत नाही. त्यासाठी छत्री घेऊन बाहेर उभं राहावं लागतं (विजा कडाडत असतील तर खिडकीतूनच बघा). रस्त्याचा उतार फाटकाकडे आहे का? गटाराच्या जाळीवर पाला साचून पाणी उंबऱ्याकडे वळतंय का? कंपाउंडच्या भिंतीवर जुन्या पाण्याची मातकट रेघ दिसते का? शेजारच्या जुन्या लोकांनाही जरूर विचारा.

घर घ्यायचं असेल तर आधी नकाशा. पूररेषेच्या आतलं घर मी तरी घेणार नाही. राहतं घर नदीपासून उंचावर असेल तर पाहणीच जास्त कामाची. तळघर असेल तर दोन्ही करा.