शुद्ध जात घ्यावी की मिसळ कळप ठेवावा? आधी नरांचं काय करणार ते ठरवा

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळायच्या म्हणून विचारायला येणारा माणूस पहिला प्रश्न जातीचा विचारतो. कडकनाथ घेऊ का, असील घेऊ का, की गिरीराज? मी त्याला उलट विचारतो: बारा अंडी बसवलीस, दहा पिल्लं निघाली, त्यातली पाच नर निघाली, तर त्या पाचांचं काय करणार? याचं उत्तर तयार असेल तर जात निवडणं अवघड नाही. नसेल तर पाचव्या महिन्यात पाच कोंबडे पहाटे चारला आरवायला लागतात, एकमेकांचे तुरे रक्ताळून टाकतात आणि तलंगांच्या, म्हणजे नुकत्या अंड्यावर येणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांच्या, पाठीवरची पिसं उपटून ठेवतात.

नको असलेला पक्षी कळपातून काढण्याला, म्हणजे छाटणीला, पोल्ट्रीवाले ‘कल करणं’ म्हणतात. घरात कुणी असा शब्द वापरत नाही, काम मात्र प्रत्येक घरात होतं. आमच्या करवीर तालुक्यात याबद्दल माणसांची मतं फार वेगवेगळी आहेत आणि जातीची निवड त्या मतांना बांधलेली आहे.

शुद्ध जात जपणारे

असील पाळणारा माणूस पिल्लू हातात घेतल्यावर आधी तुरा बघतो, मग मान, मग पायाची जाडी. तुरा वाटाण्यासारखा बसका हवा, पिसं अंगाला घट्ट हवीत, उभं राहिलं की छाती वर हवी. यात जे बसत नाही ते कळपात ठेवायचं नाही, हा त्याचा नियम. दहातली दोन-तीन पिल्लं पुढच्या वीणीसाठी राहतात, बाकीची वाढवून विकायची किंवा खायची. बाहेरच्याला हे निष्ठुर वाटतं. मला त्या माणसांबद्दल आदर आहे, कारण अशी कडक निवड पिढ्यानपिढ्या झाली नसती तर असील आज असील राहिला नसता. एवढंच सांगतो की असील झुंजीसाठी घेत असाल तर घेऊ नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते बघवत नाही.

शुद्ध जात ठेवणाऱ्याची खरी अडचण कुंपणाची असते. गावठाणात शेजाऱ्याचा कोंबडा तुमच्या परड्यात येणारच. कोंबडीच्या पोटात नराचं बीज साधारण दोन आठवडे जिवंत राहतं. म्हणजे परका कोंबडा एकदा येऊन गेला की पुढचे दोन आठवडे अंडी कुणाची, हे सांगता येत नाही. जात राखायची तर जाळीचा बंद खुराडा हवा, आणि चूक झाली तर तीन आठवडे थांबून मगच अंडी बसवायची. एवढं करायची तयारी नसेल तर ‘शुद्ध’ हा शब्द फक्त विकत घेतलेल्या पहिल्या जोडीपुरता उरतो.

कडकनाथचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्याच्या नावावर आमच्या भागात पुष्कळ पैसा बुडाला. जात झाबुआची, मध्य प्रदेशातली. तिथल्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात करारानं कडकनाथ पाळलेल्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पक्षी वाईट नव्हता, हिशोब खोटा होता. पाळायला घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. कडकनाथ कोंबडी क्वचितच खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते, त्यामुळे अंडी उबवायला गावरान कोंबडी किंवा मशीन लागतं. दुसरं, काळेपणा मिसळीतही उतरतो. गावरान कोंबडीवर कडकनाथ नर सोडला की काही पिल्लं बऱ्यापैकी काळी निघतात, काहींची फक्त चोच आणि पाय काळे. बाजारात ती सगळी ‘कडकनाथ’ म्हणून दाखवली जातात. चोच उघडून जीभ बघा, तुरा बघा, पिसं बाजूला सारून कातडी बघा.

घरची मिसळ

माझ्या आत्तीच्या डालग्याखाली बघितलं तर एका खुडूक कोंबडीच्या पोटाखाली तांबडं, कबरं, काळं, मान बोडकी असलेलं, असं सगळं एकत्र निघतं. एकदा मी म्हटलं, आत्ती, एक चांगला नर आणून रंग तरी एकसारखा करूया. ती म्हणाली, “रंग काय ताटात वाढायचा हाय व्हय? कोंबडी बसतीया कशी आन् पिल्लं राखतीया कशी त्येवडं मी बघतो.” आणि तिची निवड खरंच तेवढीच आहे. पिल्लं टाकून फिरणारी, अंडी फोडून खाणारी कोंबडी पुढच्या जत्रेला जाते. मुंगूस आलं तर पंख पसरून अंगावर जाणारी कोंबडी म्हातारी झाली तरी राहते. छाटणी तीही करते, तिचे निकष वेगळे आहेत, एवढंच.

मिसळ पक्षी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देतो, एका वेळी बारा-पंधरा देऊन खुडूक बसतो. अंड्यांच्या धंद्याला हे परवडत नाही. पण त्याला चारा उकिरड्यातून, गोठ्यातून, शेणातल्या किड्यांतून मिळतो, पिल्लं तो स्वतः काढतो. बोडक्या मानेच्या पक्ष्याला कमी पिसांमुळं उन्हाळा सोसतो, हा गुण अशा कळपात आपोआप टिकून राहतो. ‘गावरानला रोग होत नाही’ हे मात्र धोक्याचं बोलणं आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की गल्लीतली सगळी खुराडी दोन-चार दिवसांत रिकामी होतात, त्यात मिसळही जाते. पहिल्या आठवड्यात मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात पडलाच पाहिजे, जात कुठलीही असो.

मिसळ कळपाचा दोष म्हणजे नर बदलला जात नाही. त्याच घरातला कोंबडा त्याच्याच बहिणींवर, लेकींवर राहतो आणि तीन-चार वर्षांत अंडी कमी उबतात, पिल्लं अशक्त निघतात. दीड-दोन वर्षांनी लांबच्या गावातला कोंबडा आणा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो.

सुधारित पक्षी

गिरीराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातला, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतला. अंडी गावरानच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, अंग लवकर भरतं. कोल्हापुरात शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, सुधारित पिल्लांची चौकशी तिथं करता येते. पण या संकरित पक्ष्यांची पिल्लं घरी काढून पुढची पिढी करायला जाऊ नका. संकराचा जोर पहिल्या पिढीत असतो, पुढं तो विखुरतो. इथं छाटणी हिशोबानं होते: खाद्याचा खर्च अंड्यांतून निघत नाही त्या दिवशी पक्षी विकायचा आणि नवी पिल्लं आणायची.

‘मी मारणार नाही’ म्हणणारे

शहरातली, बंगल्याच्या मागं चार कोंबड्या ठेवणारी मंडळी असं म्हणतात तेव्हा मी त्यांना परावृत्त करत नाही. त्यांच्यासाठी सरळ वाट आहे: कोंबडा ठेवूच नका. नर नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. चार तलंगा घ्या आणि म्हातारपणापर्यंत सांभाळा. फक्त एक गोष्ट माहीत असू द्या. अंड्यांच्या जातीच्या तलंगा विकत घेता तेव्हा त्यांचे भाऊ हॅचरीत पहिल्याच दिवशी वेगळे काढून बहुतेकदा मारलेले असतात. जर्मनीनं 2022 पासून हे कायद्यानं बंद केलं, आपल्याकडं ते चालू आहे. गावरानच्या घरातून तलंगा घेतल्या तर त्यांचे भाऊ निदान पाच-सहा महिने उन्हात फिरलेले असतात. मला हा फरक मोठा वाटतो.

काय बघून काढायचं

रंगासाठी पिल्लू मारू नका. जात राखत असाल तरी नाही. वाढवा आणि खाण्यासाठी विका.

बोटं आत वळलेलं पिल्लू दिसलं की लोक लगेच बाजूला टाकतात. पुष्कळदा हा दोष रक्तातला नसतो, खाद्यात बी-2 जीवनसत्त्व कमी पडल्याचा असतो आणि पहिल्या काही दिवसांत ते पाण्यातून दिलं तर पाय सुधारतात. दोन्ही पाय फाकलेलं पिल्लू बहुतेक वेळा गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवल्यामुळं तसं होतं. खाली पोतं अंथरा, पायांना हलकी चिकटपट्टी बांधा, ते चार दिवसांत उभं राहतं. चोच कात्रीसारखी एकमेकांवरून गेलेली, वाढच न होणारं, खाणं-पिणं सोडलेलं पिल्लू मात्र रेंगाळत ठेवणं ही माया नव्हे. आणि पोरांच्या अंगावर धावून येणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी त्याचं बीज पुढं चालवू नये.

अंडी थांबलेली कोंबडी ओळखायची रीत बोटांची आहे. रात्री बॅटरी घेऊन जा, कोंबडी काखेत धरा, शेपटीखाली दोन हाडांची टोकं लागतात त्यांच्यात बोटं ठेवून बघा. दोन-तीन बोटं सहज मावली, जागा मऊ आणि ओलसर लागली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट अडकलं, कातडी सुकी आणि आखडलेली असली तर नाही. पण थांबा. पिसं झडायच्या काळात प्रत्येक कोंबडी दोन-तीन महिने अंडी थांबवते. मी पहिल्या वर्षी हे न कळून पाच कोंबड्या एका दुपारी व्यापाऱ्याला दिल्या. त्यातली कबरी माझ्याकडची सगळ्यात चांगली आई होती. तिच्या मानेवर नवी पिसं काड्यांसारखी फुटलेली मला दिसत होती, अर्थ मात्र कळला नव्हता. तशी आई मला परत मिळाली नाही.

आजारी पक्षी बाजारात नेणं किंवा कापून खाणं याला मी छाटणी म्हणत नाही. माझ्या कळपात एकदा मानमोडी आली ती बाजारातून स्वस्तात आणलेल्या एका ‘थकलेल्या’ कोंबडीबरोबर. मेलेला पक्षी खोल पुरून वर चुना टाका आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

मग घ्यायचं काय?

अंडी विकायची असतील आणि खाद्य विकत घ्यायची तयारी असेल तर सुधारित. बंद जाळी, वेळ आणि दहातली सात पिल्लं बाजूला काढायची मनाची तयारी असेल तर शुद्ध जात, आणि मग ती नीट जपा. गावात घर, थोडं परडं, घरात एक तरी माणूस दिवसभर असेल तर मी मिसळ गावरानच घ्या म्हणेन: सहा तलंगा, लांबून आणलेला एक शांत कोंबडा.

आणि अंडी बसवायचा महिना नरांच्या हिशोबानं धरा. गावरान नर दीड किलोच्या आसपास यायला पाच-सहा महिने लागतात. दिवाळीनंतर काढलेली पिल्लं चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रांना तयार होतात. माघात काढलेली आखाडाला. त्याहून उशीर झाला तर नर श्रावणात सापडतात, गिऱ्हाईक नसतं, आणि गणपती उठेपर्यंत त्यांना पोसावं लागतं. मृगानंतर अंडी बसवूच नका. आमच्याकडच्या पावसात ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते, आणि कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं हे ठरवायला मग पिल्लंच उरत नाहीत.