आठवड्याच्या गोळ्यांची डबी: काय भरावं, काय बाहेर ठेवावं

दवा बाजारापासून लोकमान्य नगरातल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत इंदुरात ही डबी आता सहज मिळते. सात रंगीत पट्ट्या, प्रत्येकीत सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार खण, एकूण २८. मुलं पुण्याला किंवा परदेशात, घरात दोघंच, आणि दोघांच्या मिळून रोजच्या दहा-बारा गोळ्या, अशा घरात ही डबी खरंच कामाची आहे. ‘सकाळची घेतली का?’ हा रोजचा वाद तरी मिटतो. मात्र रिकाम्या खणावरून गोळी डबीतून निघाली एवढंच कळतं. ती पोटात गेली की उशीखाली, ते डबी सांगत नाही.

बनावट ठीकठाक. वार इंग्रजी आद्याक्षरांनी छापलेले, त्यामुळे ‘एस’ दोनदा आणि ‘टी’ही दोनदा. मंगळवार-गुरुवारची अदलाबदल यातूनच होते. पहिल्याच दिवशी पक्क्या शाईच्या मार्करनं सो, मं, बु, गु लिहून टाकावं. छापलेली अक्षरं नाहीतरी नखानं खरवडून जातात. नजर कमी असेल तर रात्रीच्या खणावर एक टिकली चिकटवा, बोटाला बरोबर लागते. डबी घेताना झाकण उघडून पाहाच. फार घट्ट असेल तर सांधे धरलेल्या बोटांनी जोर लावताना ते फटकन उडतं आणि गोळ्या पलंगाखाली. सैल असेल तर पिशवीत आपोआप उघडतं. मेटफॉर्मिन १००० एसआर आणि कॅल्शियम ५०० अशा दोन जाड गोळ्या एका खणात आल्या की लहान डबीचं झाकण लागतच नाही, म्हणून खोल खणांचीच घ्यावी.

खरी गफलत होते भरताना. बहुतेक जण सोमवारचे चार खण पुरे करतात, मग मंगळवारचे. तसं करू नये. एक औषध हातात घ्यायचं, ते सातही दिवसांच्या खणांत टाकायचं, त्याचा पत्ता (गोळ्यांची स्ट्रिप) बाजूला ठेवायचा, मगच दुसरं. शेवटी प्रत्येक दिवसाच्या गोळ्या मोजायच्या. रोजचीच औषधं असतील तर सातही पट्ट्यांत आकडा सारखा यायला हवा. एका पट्टीत सहा आणि बाकीच्यांत पाच निघाल्या तर चूक तिथेच सापडते. हात धुऊन पूर्ण कोरडे हवेत. डबी धुतली तर रात्रभर उघडी वाळवावी. कोपऱ्यात राहिलेल्या एका थेंबानं गोळी फुगते, कधी रंगही सोडते.

पत्ता कात्रीनं कापून चौकोनी तुकडे खणात टाकायची सवय फार दिसते. दिसायला नीटनेटकं, पण धोक्याचं. अंधारात किंवा घाईत गोळी वेष्टनासकट गिळली जाते आणि त्या टोकदार कडा अन्ननलिका फाडू शकतात. शिवाय एक्सपायरी आणि बॅच नंबर पत्त्याच्या एकाच टोकाला असतो. मेडिकलवाल्यानं पाच गोळ्या कापून दिल्या तर ते टोक आपल्याकडे आलं का ते पाहावं, आणि घरी गोळ्या काढताना दुसऱ्या बाजूनं सुरुवात करावी.

आता डबीत काय टाकू नये. थायरॉईडच्या गोळ्या ऊन, उजेड, दमट हवा यांनी खराब होतात, त्या मूळ बाटलीतच बऱ्या. शिवाय त्या सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी आणि कॅल्शियमपासून चार तास लांब घ्यायच्या. म्हणजे पोहे-जलेबीनंतर उघडायच्या ‘सकाळ’ खणात त्यांची जागाच नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन तिच्याच बाटलीत. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगाट्रानच्या कॅप्सूल आणि फिट्सचं सोडियम व्हॅल्प्रोएट ओल ओढून घेतात, त्याही मूळ वेष्टनात.

सगळ्यांत जपायचं ते मेथोट्रेक्सेट. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी असते. चुकून सातही खणांत पडली तर तोंड सोलतं, रक्तपेशी कमी होतात, जीवावर बेततं. तिची वेगळी डबी, तिच्यावर ठरलेला वार ठळक, आणि ती भरणारा माणूस घरात एकच.

अर्ध्या गोळ्या आठवड्याच्या वर आधीपासून तोडून ठेवू नयेत. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारल्याशिवाय तोडायच्याच नाहीत. हळूहळू उतरायचं औषध एकदम उतरतं.

डबीचा आणखी एक दोष म्हणजे ती नाव लपवते. दोन डॉक्टरांच्या दोन पर्च्या, दोन वेगळी ब्रँड नावं आणि दोन्हींच्या आत बीपीचं टेल्मिसार्टनच, असं सर्रास होतं. खणात एक पांढरी आणि एक गुलाबी दिसते, सगळं आलबेल वाटतं. म्हणून भरताना पत्त्यावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचून कागदावर उतरवावं आणि तो कागद डबीला रबर लावून ठेवावा. डॉक्टरकडे जाताना डबी नव्हे, पत्ते न्यावेत. जेनेरिक घेतल्यावर रंग-आकार बदलला की घरात ‘ही वेगळी दिली’ म्हणून ओरड होते. मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच असेल तर रंगाचं मनावर घेऊ नये. थायरॉईड, फिट्स आणि रक्त पातळ करणारी वॉर्फरिन यांत मात्र कंपनी बदलताना डॉक्टरांना कळवावं.

आणि एक गंमत. पत्त्यांच्या ढिगात न दिसलेली संख्या डबीत एका नजरेत दिसते, मग भेटायला आलेला पाहुणा ‘बाप रे, एवढ्या गोळ्या!’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी एक खण मुद्दाम भरलेला राहतो. ‘बीपी तर नॉर्मल आहे, सवय कशाला लावायची?’ बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. मेटोप्रोलॉल एकदम बंद केलं तर ठोके आणि बीपी उसळतात. उलट चतुर्थीच्या उपासाला मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचा खण न विचारता रिकामा करणंही ठीक नाही आणि उपाशीपोटी घेऊन साखर खाली आणणंही नाही. उपासाच्या दिवसाचं आधीच विचारून घ्यावं. संध्याकाळी सकाळचा खण भरलेला सापडला तर दोन्ही डोस एकत्र घेऊ नयेत.

दिवसाला एकदाच औषध असेल तर सात खणांची साधी डबी पुरते, २८ची गरज नाही. विसरण्याचा आजार असेल तर कुठलीच डबी एकट्याच्या हाती देऊ नये. ठेवायची जागा कपाटाचा वरचा कोरडा खण. फ्रीजवर गरम होतं, गॅसजवळ वाफ लागते. लहान मुलाला उघडता येणार नाही असं झाकण या डब्यांना नसतं आणि लोहाच्या लाल गोळ्या चॉकलेटसारख्या दिसतात, तेव्हा उन्हाळ्यात नातवंडं आली की डबी कुलपात.