पिठाला आणि लोकरीलाही उपयोगी पडणारा वजनकाटा

घरी पाव भाजायला लागल्यापासून मी घेतलेली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा. वाटीने मोजलेले पीठ दाबून भरले की सैल, यावर त्याचे वजन सहज 20-30 ग्रॅमने बदलते आणि पाव कधी दडस, तर कधी पसरट होतो. भांडे काट्यावरच ठेवून, प्रत्येक जिन्नसानंतर आकडा शून्यावर आणत 500 ग्रॅम मैदा, 350 ग्रॅम पाणी आणि 10 ग्रॅम मीठ घेतले, की पीठ दरवेळी हाताला सारखेच लागते. यीस्टसाठी मात्र हा काटा अपुरा पडतो, कारण एकेका ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या आकड्यावर 3 ग्रॅमचे माप भरवशाचे नसते. पाणी सावकाश ओतत असताना तो मध्येच आपोआप बंद होतो, ही माझी खरी तक्रार आहे.

विणकामात त्याचा उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते. स्वेटरची पहिली बाही सुरू करण्यापूर्वी उरलेली लोकर मी आता तोलते. ती 140 ग्रॅम भरली, तर 70 ग्रॅमचा गुंडा दुसऱ्या बाहीसाठी बाजूला ठेवते, त्यामुळे मनगटापाशी येऊन लोकर संपण्याची धास्ती उरत नाही.