‘अस्सल अपाची बाण’ विकत घेणाऱ्यांसाठी

ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो या बाजूला फिरायला जाणारी आपली मंडळी हल्ली पुष्कळ. तिकडे हमरस्त्यालगतच्या दगड-खडे विकणाऱ्या दुकानात काचेच्या चौकटीत बसवलेली दगडी बाणाग्रं दिसली, की पाकिटाला हात घालण्याआधी हे वाचा. मी १८० डॉलर मोजून तशी चौकट घेतली होती. आत काळ्या मखमलीवर पाच बाणाग्रं, लाल, पिवळसर, हिरवट. खाली पितळेची पट्टी: ‘अपाची, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे’. अपाची म्हणजे तिकडची एक आदिवासी जमात. बरोबर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र.

दुकानदार तोंडाचा गोड. म्हणे आजोबांच्या रँचवर नांगरताना निघालेली आहेत. रँच कुठली, कुठल्या काउंटीत, हे विचारलं तर डोळा मिचकावून म्हणाला, “सरकारी भानगडी मागे लागतात हो, म्हणून नाव घेत नाही.” हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या किंवा आदिवासी जमातींच्या जमिनीतून परवान्याशिवाय पुरावस्तू उकरून नेऊन विकणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी जमिनीतली वस्तू मालकाच्या संमतीने घेतलेली असेल, तर जागा लपवायचं कारणच काय? म्हणजे दोन्हीकडून मरण आपलंच. माल खोटा निघाला तर पैसे बुडाले, खरा निघाला तर चोरीचा असण्याची शक्यता दाट.

तिकडच्या काही संग्रहालयांत अधूनमधून ‘वस्तू आणा, ओळखून देतो’ असे दिवस ठेवतात. किंमत सांगत नाहीत, वस्तू काय आहे तेवढं सांगतात. तिथल्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी चौकट पाहिली आणि भिंग काढायच्या आधीच पट्टीवर बोट ठेवलं. अपाची लोक त्या प्रदेशात आले तेच मुळी गेल्या काही शतकांत. शिवाय २००० वर्षांपूर्वी तिकडे शिकारीसाठी मुख्यतः ॲटलाटल, म्हणजे भाला लांब फेकायची काठी वापरत. धनुष्याचा प्रसार त्यानंतरचा. त्या भाल्यांची पाती मोठी असायची, इतकी चिमुकली नव्हेत. एका ओळीच्या पट्टीत दोन थापा.

मग भिंग. एक बाणाग्र त्यांनी माझ्या हातात दिलं आणि बुडाची कड नखाने चाचपायला सांगितलं. कड करकरीत, बोटाला लागेल अशी. जुन्या भाल्याच्या पात्याचं बूड बऱ्याचदा मुद्दाम घासून बोथट केलेलं असतं, नाहीतर बांधलेली जनावराच्या कंडरांची दोरी तीच कड कापून टाकेल. मधोमध उंचवटा तसाच राहिलेला, म्हणजे कपचे उडवताना ते पात्याच्या मध्यापर्यंत पोचलेच नव्हते. असं जाड पातं काठीच्या खाचेत बसायचंच नाही. दोन्ही बाजूंच्या खाचा दोन टोल्यांत उडवलेल्या. आणि पाचही टोकं शाबूत!

या शेवटच्या गोष्टीवर त्या बराच वेळ बोलल्या. वापरलेलं पातं हाडावर आदळतं तेव्हा टोकाकडून मागे एक लांबट कपचा उडतो. त्या तुटण्याच्या तऱ्हेवरून हे फेकून मारलेलं हत्यार होतं, की नुसती सुरी होती, याचा अंदाज बांधता येतो. बोथट झालेलं पातं काठीला बांधलेलं असतानाच पुन्हा धारेला लावायचे, त्यामुळे वरचा भाग अरुंद होत जातो आणि बूड रुंद राहतं. दगड ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, असेल, तर क्ष-किरणांच्या तपासणीने तो कुठल्या ज्वालामुखीचा तेही ठरवता येतं, मग माणसं किंवा त्यांचा माल किती लांबून आला ते कळतं.

पण हे सगळं कामाला येतं ते पातं सापडल्याची जागा ठाऊक असेल तर. न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावाजवळ १९२७ मध्ये नामशेष झालेल्या बायसनच्या बरगड्यांमध्ये रुतलेलं एक पातं मिळालं. खोदणाऱ्यांनी ते उपटलं नाही, जागच्या जागी ठेवून इतर तज्ज्ञांना बोलावून दाखवलं. अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीस माणूस होता की नव्हता, हा वाद त्यामुळे मिटला. तेच पातं कोणी खिशात घालून दुकानात विकलं असतं, तर त्याने काय सांगितलं असतं? जागा न सांगणारा दुकानदार आपल्याला नेमका मुका झालेला दगड विकत असतो, अस्सल असला तरी.

“आणि हे तुमच्याकडचं आहे,” त्या म्हणाल्या. गुजरातेतल्या खंभातचा अकीक, म्हणजे ॲगेट नावाचा रंगीत दगड. असली बाणाग्रं तिथून घाऊक येतात आणि अमेरिकाभर दगडांच्या दुकानांत विकली जातात.

खंभातचे कारागीर जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईवर दगड टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने ठोकतात, कपचा उलट बाजूने सुटतो. दगड आधी भाजतात, त्याने रंग लालसर होतो. लोथलच्या हडप्पाकालीन मणीकारांपर्यंत पोचणारी ही विद्या आहे, आणि त्या धुळीने आजही तिथल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी अकीकाचं बाणाग्र घडवलं, अकीकाचं म्हणून विकलं. लबाडी पितळी पट्टीपाशी सुरू होते.

आपल्या महाराष्ट्राच्या नावानेही कोणी असला चकचकीत, काटेदार, दोन इंची ‘अश्मयुगीन बाण’ खपवू लागला, तर सावध व्हा. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणेसारख्या ठिकाणी मिळालेली मध्याश्मयुगीन सूक्ष्मास्त्रं नखाएवढी असतात. अशी अनेक पाती लाकडात किंवा हाडात ओळीने बसवून हत्यार व्हायचं. आणि खरी असतील, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही, खासगी माणसाला देशाबाहेरही नेता येत नाहीत. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचं तर विसराच.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, प्रमाणपत्र वाचा. बारीक अक्षरात होतं: ‘आमच्या मते अस्सल’. कोणाच्या मते, त्याचं शिक्षण काय, सही कोणाची, काही नाही. ही प्रमाणपत्रं दुकानदार स्वतःच छापतात. क्लोव्हिससारख्या (हिमयुगाच्या अखेरच्या काळातल्या) खऱ्याखुऱ्या महागड्या पात्यांच्या बाबतीत तर हा खेळ हजारो डॉलरांचा होतो, कारण हुबेहूब नक्कल घडवणारे आजचे कारागीर इतके तरबेज आहेत की भिंगानेही आपल्याला फरक कळणार नाही.

सुदैवाने पैसे कार्डाने दिले होते आणि पावतीवर ‘अपाची’ आणि ‘२००० वर्षे’ दोन्ही लिहून घेतलं होतं. तो आधी ‘दगडी वस्तू’ एवढंच लिहीत होता. त्या पावतीवर कार्ड कंपनीने रक्कम परत केली. रोखीने घेतल्यास सवलत देत होता, ती का, ते आता कळतं. आजची वस्तू अमेरिकन आदिवासींनी केली असं भासवून विकणं १९९० च्या कायद्याने तिथे गुन्हा आहे. तक्रार अमेरिकेच्या अंतर्गत खात्याखालच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर) इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे करता येते. मी चौकटीचा, पट्टीचा आणि पावतीचा फोटो जोडून ती केली आहे. तुमच्याकडे अशी चौकट असेल, तर पट्टी काढून टाकू नका, तोच पुरावा आहे.