माझ्याच मसाल्याची नक्कल मी केली म्हणे!

"आपण आमच्या अशिलाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कची नक्कल करून माल विकत आहात. सात दिवसांत विक्री बंद करून ५,००,००० रुपये नुकसानभरपाई द्यावी." ही नोटीस मला आली. कशाबद्दल, तर आमच्या कांदा-लसूण मसाल्याबद्दल, ज्याच्या पाकिटावर माझ्या आईचं घरातलं नाव आहे! पाठवणारा कोण, तर आमचाच पुण्याचा डिस्ट्रिब्युटर. ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही आणि त्याचंही नाही, कारण वकिलांनी तसं बजावलंय. नाहीतर फोटोसकट लिहिलं असतं.

कराडजवळ घरामागे पत्र्याचं शेड, दोन कांडप मशीन, एक सीलिंग मशीन आणि हंगामात कामाला येणाऱ्या गल्लीतल्या बायका, एवढाच आमचा पसारा. २०१४ पासून त्याच नावाने विकतोय. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि कांदा उन्हातच वाळवलेला. हे जाहिरातीसाठी सांगत नाही. त्या नावामागे काय आहे ते कळावं म्हणून सांगतो.

आणि कृपया "कागदपत्रं नसतील" असं कोणी म्हणू नका. उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आहे, जीएसटी आहे, शॉप अ‍ॅक्ट आहे, फूड लायसन्स आहे. बी.कॉम. झालोय, रिटर्न स्वतः भरतो. सीएला स्पष्ट विचारलं होतं की अजून काही काढायला हवं का? तो म्हणाला, "उद्यम आहे ना, मग बास." यातल्या एकाही कागदाने नाव तुमच्या मालकीचं होत नाही, हे मला नोटीस आल्यावर पंधराशे रुपये सल्ला-फी भरून कळलं. तुम्हाला फुकट सांगतोय, तर लक्षात ठेवा.

हा डिस्ट्रिब्युटर प्रदर्शनात भेटला. गोड बोलणं, "दादा, तुमच्या मालाला पुण्यात तोड नाही". पहिली काही बिलं आठवड्याच्या आत चुकती केली. पुढे उधारी वाढवत नेली. ही पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. करार? सुरुवातीला तोंडी. मी कराराचं म्हटलं तेव्हा त्याने पाचशेच्या स्टँपवर स्वतःच मसुदा करून आणला होता, इंग्रजीत, पाच पानी. मी वाचला. दर, उधारीची मुदत, वाहतूक कोणाची, सगळं बरोबर होतं. ब्रँड कोणाचा यावर त्यात एक ओळही नव्हती. जे लिहिलंय ते वाचायला मला येतं हो. जे लिहिलेलं नाही ते कसं वाचायचं? तेवढ्यासाठीच वकील लागतो, आणि त्या पाच पानांसाठी कराडच्या कोणत्याही वकिलाने दोन-तीन हजारांवर घेतले नसते.

पण आपल्याकडे वकील म्हटलं की घरचे दचकतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या वडिलांनी आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलेलं. अहो, सही करण्याआधी वकिलाकडे जाणारा कोर्टाची पायरी टाळायलाच जातो ना! मी गेलो नाही, म्हणून आज पायरीवरच बसलोय.

आता ती पाकिटाची गोष्ट. ही लिहिताना अजून हात थरथरतो.

मॉलला माल लावायचा म्हणून त्याने नवीन पाउच करायला घेतलं. आमच्या लेबलची सीडीआर फाईल, म्हणजे डिझाईन बदलता येईल अशी मूळ फाईल, मागितली, ती मी मेलवर पाठवली. सोबत "लिस्टिंगला लागतं" म्हणून फूड लायसन्सची कॉपी आणि आईचा फोटोही. आठवड्याभराने व्हॉट्सअ‍ॅपवर नवं डिझाईन आलं. समोर आईचं नाव, तोच लाल-पिवळा रंग. नावाच्या उजव्या खांद्यावर, मिरचीच्या देठाला चिकटून, दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती, टीएम, म्हणजे ट्रेडमार्क. मागे "मार्केटेड बाय" म्हणून त्याच्या फर्मचं नाव ठळक, आणि आमचं "मॅन्युफॅक्चर्ड बाय" बारकोडच्या खाली, चष्म्याशिवाय दिसणार नाही एवढं.

मला दिसलं होतं! मी फोन केला. "हे टीएम काय आहे?" तो हसला. "काही नाही दादा, डिझायनरने टाकलंय. मॉलवाल्यांना प्रोफेशनल वाटतं." मी म्हटलं, बरं. त्या "बरं"ची किंमत पुढे आकड्यांत देतो. पण मला सांगा, रोज चाळीस फोन असतात, मिरचीचा भाव सकाळी एक नि संध्याकाळी एक, त्यात दोन अक्षरांवरून कोण भांडत बसतं? शिवाय टीएम लिहायला नोंदणी लागतच नाही, कोणीही लिहू शकतं. म्हणजे शंका घेतली असती तरी त्याच्याकडे उत्तर तयारच होतं.

त्याच सुमाराला त्याने स्वतःच्या नावावर ट्रेडमार्कचा अर्ज टाकला होता, वर्ग ३०, ज्यात मसाले येतात. अर्जात "वापर २०१२ पासून", प्रतिज्ञापत्रासकट. २०१२ ला हा माणूस मोबाईलची कव्हरं विकत होता! अर्ज दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला. छापल्यापासून चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतं. पण जर्नल वाचतं कोण? हजारो नावं असतात त्यात. आम्ही इकडे मिरच्या निवडत होतो, तिकडे मुदत संपली आणि दहा वर्षांसाठी नाव त्याचं झालं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर नाव शोधायला एक पैसा लागत नाही. आत्ता, हे वाचून झाल्यावर, स्वतःचं नाव टाकून बघा.

हिशोब सांगतो. त्याने थकवलेली बिलं ३,८६,४०० रुपये. वाया गेलेली पाउच आणि लेबलं १,१२,३५० रुपये. वकील आतापर्यंत ८५,००० रुपये. नोंदणी रद्द करण्याच्या अर्जाची सरकारी फी २,७०० रुपये. एकूण ५,८६,४५०. ऑनलाइन विक्रीच्या साइटने त्याच्या एका तक्रारीवर आमचा माल उतरवला, ते नुकसान यात धरलेलं नाही. आणि हे सगळं टळलं असतं ते कितीत? एकट्या माणसाला किंवा उद्यम असलेल्या छोट्या धंद्याला ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. एका पोत्याच्या मिरचीलाही याहून जास्त पडतात.

आता दाद मागायचं बघा. आमच्या पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "नाव काय सोनं आहे का चोरीला जायला?" शेजारचा हवालदार हसला. अर्ज घ्या म्हटलं तर "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." पुण्यात गेलो तर "कारखाना कराडला ना? मग तिकडे द्या." खोट्या प्रतिज्ञापत्राचं काय, विचारलं तर "ते ज्या ऑफिसात दिलं त्यांनी तक्रार करायला हवी." त्या ऑफिसात, म्हणजे मुंबईला अँटॉप हिलला, उत्तर मिळालं की योग्य फॉर्म भरा, सुनावणीत मांडा. एका अधिकाऱ्याने मात्र कायदा उघडून दाखवला. ट्रेडमार्कच्या प्रकरणात झडती-जप्ती डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. रजिस्ट्रारच्या दप्तरी मालक कोण? तो! म्हणजे मी जास्त आरडाओरडा केला तर धाड माझ्याच शेडवर. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, इथे बोंबेला सरकारी शिक्काही आहे.

थकबाकीचंही तेच. एमएसएमई कायद्याने छोट्या उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ऐकायला किती छान! जिल्हा उद्योग केंद्राने तक्रारीच्या सरकारी पोर्टलकडे बोट दाखवलं, पोर्टलने अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या पुणे विभागाच्या परिषदेकडे. ९० दिवसांत निकाल, असं कायद्यात लिहिलंय. लिहिलंय एवढंच. तिथे त्याने जबाब दिला की आम्ही त्याचे जॉबवर्कर, म्हणजे मजुरीवर माल करून देणारे, माल त्याच्या ब्रँडचा, आणि दर्जा खराब होता म्हणून पैसे अडवले. पुरावा म्हणून काय जोडलं? तेच पाउच, बारकोडखालच्या आमच्या बारीक नावासकट. माझी बायको शांत बाई आहे, पण त्या दिवशी तिने कागद फाडायला घेतले होते.

आमच्या बाजूला आज जे काही आहे ते जुन्या रद्दीतून निघालं. २०१४ चं छापखान्याचं लेबलांचं बिल, प्रदर्शनाच्या स्टॉलच्या पावत्या, दुकानदारांना दिलेल्या पिवळ्या बिलबुकाच्या कार्बन कॉप्या. वकील म्हणाल्या, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ज्याचा वापर खरोखर आधीचा, त्याला नोंदणीवाला अडवू शकत नाही. फक्त "आधीचा" हे सिद्ध तुम्ही करायचं. दिवाळीच्या साफसफाईत दोन वर्षांचे गठ्ठे मीच जाळले होते. जुनी बिलं जाळू नका. लेबलची ओपन फाईल कोणाला देऊ नका, लागलीच तर पीडीएफ द्या. "ब्रँडची मालकी पुरवठादाराची" ही ओळ प्रत्येक बिलाच्या तळाशी छापून घ्या. आणि परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. त्याच्या ऑर्डरवर "जॉबवर्क" हा शब्द कधी घुसला ते आम्हाला आजतागायत सापडलेलं नाही.

नोंदणी रद्द करण्याचा अर्ज टाकलाय. तारखा पडताहेत, व्हिडिओवर सुनावणी होते, त्याचा वकील मुदत मागतो, मुदत मिळते. तोवर आम्ही साध्या पांढऱ्या पाकिटात, गावाच्या नावावर विकतोय.

मागच्या आठवड्यात त्याच्या माणसाचा फोन आला. "साडेतीन लाख द्या, साहेब नाव तुमच्या नावावर करून देतील. कशाला वाद वाढवायचा?" म्हणजे माझे ३,८६,४०० त्याच्याकडेच, वर साडेतीन लाख मी द्यायचे, ते माझ्या आईचं नाव विकत घ्यायला! पूर्वी मी तासभर भांडलो असतो. आता एवढंच म्हटलं, लेखी पाठवा, वकिलांच्या पत्त्यावर. त्याने फोन ठेवला.